बोलता येतं म्हणजे सांगता येतं का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण परीक्षेपुरता. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख लिहिते आहे असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ कुणाकडून तरी तपासून घे गं बाई." तपासून घेतलं आहे. तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

दुसरी कबुली थोडी जड आहे. नोकरीत कसं बोलावं, प्रेझेंटेशन कसं द्यावं या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजत होते. शाळेत इलोक्युशनचे तीन कप मिळालेले. कॉलेजात आल्यावर फर्स्ट इयरच्या इंट्रोला सगळे अडखळत होते तेव्हा मी धडाधड बोलून मोकळी झाले होते. सेमिनारच्या आदल्या रात्री आमच्या विंगमधल्या मुली लॅपटॉप घेऊन माझ्या रूमवर यायच्या, "जरा इंग्लिश चेक कर ना." मीही मोठ्या ऐटीत करून द्यायचे. माझ्या डोक्यात समीकरण पक्कं होतं : चांगलं इंग्लिश म्हणजे चांगलं कम्युनिकेशन.

मागच्या मे महिन्यात हे समीकरण चुकलं. कसं चुकलं ते सांगितलं तर तुमच्यापैकी कुणाचा तरी फायदा होईल, म्हणून हा लेख.

ब्लोअर नंबर तीन

सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत चार आठवड्यांच्या इन-प्लांट ट्रेनिंगला गेले. मेन्टेनन्स डिपार्टमेंट मिळालं. काम साधं होतं. प्लांटमध्ये धूळ खेचून घेणारे तीन ब्लोअर होते. रोज सकाळी टेंपरेचर गन घेऊन त्यांच्या बेअरिंगचं तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं. सोबतीला एक सीनिअर फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

पहिल्या आठवड्यात तिन्ही ब्लोअर ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. दुसऱ्या आठवड्यात तीन नंबरच्या ब्लोअरचं पुलीकडचं बेअरिंग ६६ वर गेलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ७९. बाकीचे दोन्ही होते तिथेच होते. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे, याचा अर्थ मला कळत होता. शेजारची दोन बेअरिंगं थंड आणि एकच तापत चाललंय, म्हणजे ग्रीस कमी पडतंय किंवा बेअरिंग जायला आलंय. ही गोष्ट पूर्ण प्लांटमध्ये आकड्यांनिशी फक्त मला माहीत होती, कारण मामांची त्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला ड्यूटी होती आणि वही माझ्याकडे होती.

शनिवारी ट्रेनींचा रिव्ह्यू होता. प्रत्येकाला दहा मिनिटं. मी दोन रात्री जागून अठरा स्लाइड्स केल्या. पहिली स्लाइड आभाराची. मग कंपनीचा परिचय (कंपनीच्याच मॅनेजरला!). मग बेअरिंगचे प्रकार, लुब्रिकेशनची थिअरी, बेअरिंग खराब होण्याची सात कारणं. चौदाव्या स्लाइडवर माझ्या वहीतला पूर्ण तक्ता, बारा कॉलम, बारीक अक्षरात. आणि त्याच्या खाली शेवटच्या ओळीत, तीन नंबरच्या ब्लोअरमध्ये वाढता कल दिसतो, त्याकडे लक्ष देणे इष्ट ठरेल, असं एक अतिशय सभ्य इंग्रजी वाक्य.

अकराव्या स्लाइडवर वेळ संपली. मॅनेजर साहेब खूश होते. म्हणाले, "व्हेरी फ्लुएंट. गुड कॉन्फिडन्स. नेक्स्ट!" टाळ्या पडल्या. मी जागेवर येऊन बसले आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ब्लोअरची आठवणही नव्हती. प्रेझेंटेशन छान झालं एवढंच डोक्यात होतं.

मंगळवारी पहिल्या शिफ्टला ते बेअरिंग जाम झालं. मोटर फिरतेय आणि ब्लोअरचा शाफ्ट अडकलाय, त्यामुळे बेल्ट पुलीवर घासून जळायला लागले. रबर जळल्याचा वास आणि धूर. कुणीतरी धावत जाऊन स्टॉपचं बटण दाबलं. कुणालाही इजा झाली नाही, हे नशीब, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. पण नुसतं बेअरिंग बदलून भागलं नाही, शाफ्टही खराब झाला होता. लाइन दीड दिवस बंद राहिली.

दुपारी मामांनी माझी वही मागून घेतली. बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग म्हणाले, "पोरी, तुला तर माहीत होतं. मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "मामा, पीपीटीत होतं ना."

मामा चिडले नाहीत. उलट शांतपणे म्हणाले, "पीपीटीत असेल गं. पण मला सांगायचं होतंस. रविवारी मशीन बंदच होतं. दोन तासांचं काम होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. इलोक्युशनचे तीन कप घरी शोकेसमध्ये आहेत, आणि दोन तासांचं काम सांगायला मला जमलं नाही.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं का?

कॉलेज सुरू झाल्यावर ट्रेनिंग रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा आमच्या गाईड सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडा बसेल. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोलंबियाचा रिपोर्ट वाच."

कोलंबिया म्हणजे कल्पना चावलांचं यान. हरियाणातल्या कर्नालची मुलगी, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९८२ साली एरोनॉटिकल इंजिनिअर झालेली. आपल्याकडे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तिचा फोटो असतो. तो अपघात झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. आम्हाला शाळेत तिच्या जिद्दीबद्दल शिकवलं, पण अपघात कसा झाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

१६ जानेवारी २००३ रोजी यान उडालं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. हे व्हिडिओत दिसलं. यान वर अवकाशात फिरत असतानाच इंजिनिअर्सचा एक गट कामाला लागला : नुकसान किती झालं असेल? त्यांनी हिशेब केले आणि नासाच्या वरिष्ठांना स्लाइड्स दाखवल्या.

त्यातली एक स्लाइड पुढे जगभर गाजली. तिच्या शीर्षकाचा साधारण अर्थ असा होता, की चाचण्यांची माहिती पाहता आपला अंदाज सुरक्षित बाजूलाच आहे. शीर्षक वाचून कुणालाही हायसं वाटेल. पण त्याच स्लाइडच्या तळाशी, मुद्द्याच्या उपमुद्द्याच्या पोटात, अगदी बारीक अक्षरात खरी बातमी होती. ज्या चाचण्यांच्या आधारावर हे सगळं चाललं होतं त्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर केलेल्या होत्या आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचाचा होता. म्हणजे ६४० पट मोठा! आपल्या भाषेत सांगायचं तर चाचणीतला तुकडा कटिंग चहाएवढासुद्धा नव्हता, आणि खरा तुकडा मेसमधल्या वीस लिटरच्या जारच्या दीडपट होता. म्हणजे त्या चाचण्यांवरून काहीही सांगता येत नाही, हाच खरा निष्कर्ष होता. तो स्लाइडवर होता, पण कुणाला 'सांगितला' गेला नाही.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना, उतरायला सुमारे सोळा मिनिटं उरली असताना, कोलंबिया तुटलं. सातही अंतराळवीर गेले.

चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. त्यात या स्लाइडवर खास चर्चा आहे. माहितीच्या मांडणीवर लिहिणारे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं तिचं विश्लेषणही आहे. एकच 'महत्त्वाचा' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला आहे आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा आहे. मंडळाचं म्हणणं असं, की ती स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठाला हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर नवल नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका स्लाइडमुळे यान पडलं असं नाही. फोम सुटतच असतो, त्यात विशेष काही नाही, अशी सवय वरिष्ठांना लागली होती. इंजिनिअर्सनी पंखाचे फोटो मागितले होते, तेही काढले गेले नाहीत. एका इंजिनिअरने कडक शब्दांत ई-मेल लिहिला, पण वरिष्ठांना ओलांडून जायला नको म्हणून पाठवलाच नाही. दोष एकट्या कुणाचा नव्हता. पण हे वाचताना मला सारखी माझी चौदावी स्लाइड आठवत होती. इष्ट ठरेल म्हणे!

मग सांगायचं कसं?

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला : प्रेझेंटेशन हे आपण किती हुशार आहोत हे दाखवण्यासाठी नसतं, समोरच्याने आता काय करायचं हे त्याला कळावं म्हणून असतं. बाकीचे सगळे मुद्दे यातूनच निघतात. ते एकेक करून सांगते.

१) मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. आपल्याला जर्नल लिहायची सवय असते : एम, अ‍ॅपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन आणि सगळ्यात शेवटी कन्क्लूजन. जर्नलसाठी ते ठीक आहे. नोकरीत बोलताना हा क्रम उलटा करायचा. त्या शनिवारी मी असं म्हणायला हवं होतं : "साहेब, तीन नंबर ब्लोअरचं पुलीकडचं बेअरिंग उद्याच्या बंदमध्ये बदलायला हवं. तीन आठवड्यांत त्याचं तापमान ५८ वरून ७९ वर गेलंय. शेजारचे दोन्ही ब्लोअर साठच्या आतच आहेत." मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं, वीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. यात काय करायचं, का करायचं आणि कशावरून, तिन्ही आलं. उरलेली साडेनऊ मिनिटं त्यांच्या प्रश्नांना.

२) जो करू शकतो त्याला सांगा. मॅनेजरला सांगणं बरोबरच होतं. पण बेअरिंग बदलणार होते मामा. त्यांना मी एक शब्द बोलले नाही, कारण माझ्या मते 'प्रेझेंटेशन' फक्त साहेबांसमोर असतं. आपल्या क्षेत्रात नव्वद टक्के महत्त्वाचं बोलणं मशीनशेजारी उभं राहूनच होतं असं आता मला वाटतं, मग ते कॉलरवाल्या शर्टात असो की तेलाच्या डागांच्या युनिफॉर्ममध्ये.

३) त्याच्या भाषेत सांगा. भाषा म्हणजे फक्त मराठी की इंग्रजी एवढंच नाही. 'वाढता कल दिसतो' हे मराठीत म्हटलं तरी कुणाला काही कळत नाही. "बेअरिंग जायला आलंय" हे फिटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना कळतं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात इंग्रजी लागेल, परदेशी क्लायंट असेल तर लागेलच, त्याची तयारी करायलाच हवी. पण वाक्य साधं असू द्या. साधं इंग्रजी बोलणाऱ्याला कुणी हसत नाही, न समजणारं बोलणाऱ्याला मात्र पुन्हा कुणी विचारत नाही.

४) आकडा एकटा सोडू नका. ७९ हा आकडा ऐकून काय कळणार? तो आधी ५८ होता आणि शेजारच्यांचा साठच्या आत आहे हे सांगितलं की तोच आकडा बोलायला लागतो. कोलंबियाच्या स्लाइडवरही १९२० आणि ३ हे दोन्ही आकडे होते, पण '६४० पट' असं कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

५) स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य हवं. 'बेअरिंग टेंपरेचर अ‍ॅनॅलिसिस' हे शीर्षक काहीच सांगत नाही. 'तीन नंबरचं बेअरिंग तापतंय' हे सांगतं. पूर्ण तक्ता दाखवायचा मोह आवरा. तीन रेषांचा एक ग्राफ काढला असता, दोन सपाट आणि एक वर चढणारी, तर शेवटच्या बाकावरच्या माणसालाही समजलं असतं. तक्ता प्रिंट करून हातात द्यावा.

६) शक्य असेल तर दाखवा. हे शिकावं रिचर्ड फाइनमन यांच्याकडून. कोलंबियाच्या सतरा वर्षं आधी, २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं होतं. आदल्या रात्री इंजिनिअर्सनी फोनवरच्या मीटिंगमध्ये एवढ्या थंडीत उडवू नका असं सांगितलं होतं. सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते ही त्यांची भीती होती. त्यांनी बरेच तक्ते पाठवले, पण आतापर्यंतच्या उड्डाणांत तापमान किती आणि रिंगचं नुकसान किती हे समोरासमोर मांडलेलं एक चित्र त्यांत नव्हतं. वरून दबाव आला आणि त्यांचा सल्ला त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी फिरवला. पुढे चौकशीत, ११ फेब्रुवारी १९८६ रोजी, फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सैल केला तर रबर लगेच मूळ आकारात आलंच नाही. एक ग्लास पाणी, एक क्लॅम्प. टीव्हीवर बघणाऱ्या कुणालाही समजावं इतकं सोपं. मला मामांना गनचं बटण दाबून आकडा दाखवायलासुद्धा वेळ लागला नसता.

७) ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्या. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची महत्त्वाची सूचना ऐकली की ती पुन्हा म्हणून दाखवतात. चुकली तर तिथेच दुरुस्त होते. ही सवय शिफ्ट बदलताना फार कामाची आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, तिथे तात्पुरतं झाकण होतं. रात्रपाळीला हे कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला आणि गॅस गळाला. कागद होता, पण माणसाने माणसाला सांगितलं नव्हतं. तेव्हा काही सांगितलं की न लाजता विचारा, "मी काय म्हणाले ते एकदा सांगाल का?" थोडं विचित्र वाटतं, पण सवयीने जमतं.

८) येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. व्हायवाला आपण काहीतरी ठोकून देतो, एक-दोन मार्क मिळूनही जातात. नोकरीत ते चालत नाही. "आत्ता माहीत नाही, उद्या अकरापर्यंत बघून सांगते" हे उत्तम उत्तर आहे. फक्त उद्या अकरा वाजता खरंच सांगायला हवं.

भीतीचं काय?

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तुला काय, तू कॉन्व्हेंटची. आमचे तर स्टेजवर पायच लटपटतात." पाय माझेही लटपटतात, फक्त मी ते पोडियमच्या मागे लपवते. भीती पूर्ण जात नाही, पण कमी करता येते. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा : पहिली दोन वाक्यं तोंडपाठ, बाकीचं पाठ नाही. इलोक्युशनमध्ये सगळं पाठ असायचं, एक शब्द विसरला की गाडी रुळावरून उतरायची. मुद्दे पाठ असले तर शब्द सापडतात. खोलीत दहा मिनिटं आधी जाऊन प्रोजेक्टर, केबल, पेन ड्राइव्ह तपासायचं, अर्धी भीती तिथेच संपते. एका वाक्यानंतर श्वास घ्यायचा. आपल्याला तो थांबा युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. आणि स्लाइड वाचून दाखवायची नाही, वाचता सगळ्यांना येतं.

स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐकाच. मी ऐकलं तेव्हा पाच मिनिटांत तेवीस वेळा 'बेसिकली' म्हटलं होतं. बेसिकली, लाज वाटली!

गच्चीवरचे वीस मिनिटं

ऑगस्टपासून आम्ही पाच-सहा जणींनी हॉस्टेलवर एक उपक्रम सुरू केला. रात्री मेसमधून आल्यावर गच्चीवर वीस मिनिटं. रोज दोघी बोलणार, प्रत्येकी दोन मिनिटं. विषय आपल्या ब्रांचमधला, पण दुसऱ्या ब्रांचच्या मुलीला कळेल असा. बोलून झाल्यावर ऐकणारीने एका वाक्यात सांगायचं की तिला काय कळलं. काही कळलं नसेल तर चूक बोलणारीची, ऐकणारीची नाही. भाषा कुठलीही, पण आठवड्यातून दोन दिवस फक्त इंग्रजी, कारण प्लेसमेंटही आहेच ना!

पहिल्याच आठवड्यात माझी जिरली. माझी रूममेट परभणीकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की ती दाराबाहेर पळते. तिने त्या दिवशी थ्री फेज मोटर का जळते हे सांगितलं. म्हणाली, "तिघांनी मिळून पलंग उचललाय असं समजा. एकाने हळूच हात काढला. पलंग तर तेवढाच जड आहे. मग उरलेल्या दोघांची कंबर मोडते. आमच्या विहिरीवरच्या मोटरची एक फेज गेली की असंच होतं. मोटर घूं घूं करते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट जातो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून आवाज बदलला की आधी स्विच बंद करायचा." कॉम्प्युटरच्या मुलीलाही एका झटक्यात समजलं. मी ह्याच विषयावर सेमिनार दिला असता तर आधी फॅरेडेपासून सुरुवात केली असती.

तिला कम्युनिकेशन स्किल शिकवायला मी निघाले होते! आता आमचं ठरलंय. मी तिला इंग्रजी शब्द देते, ती मला सांगायचं कसं ते शिकवते. परवा तिने दोन मिनिटं सलग इंग्रजीत केली, व्याकरणाच्या चुका चार झाल्या आणि मुद्दा सगळ्यांना कळला. माझ्या हिशेबी पैकीच्या पैकी मार्क.

आणि शेवटी गीझर

दुसऱ्या मजल्यावरच्या गीझरची गोष्ट सांगून थांबते. नळाला हात लावला की हलका झटका बसायचा. तक्रारवहीत आम्ही तीन वेळा लिहिलं होतं. मी स्वतः लिहिलेली एक तक्रार तर पाऊण पान होती, गीझरच्या एकूण परिस्थितीबद्दल खेद व्यक्त करणारी. वही रोज दहा तक्रारींनी भरते. त्यात पंखा, पाणी, पोळी सगळंच असतं, त्या गर्दीत आमची तक्रार कुणाच्या डोळ्यात भरणार?

एका संध्याकाळी मी सरळ रेक्टर मॅडमच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या मजल्यावरच्या गीझरच्या नळाला करंट येतोय. आज सकाळी दोन मुलींना झटका बसला. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मेन स्विच बंद ठेवायला सांगाल का?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आज सकाळी? मग आधी का नाही सांगितलं?" स्विच लगेच बंद झाला. तासाभरात इलेक्ट्रिशियन आला. अर्थिंगची वायर सुटलेली होती आणि आतलं एलिमेंटही खराब झालं होतं.

आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न मला वर्षभरात दुसऱ्यांदा ऐकावा लागला. आम्ही लिहिलं होतं, पण सांगितलं नव्हतं. फरक एवढाच, की या वेळी मशीन बंद पडायच्या आधी सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सर्टिफिकेट आणायला कंपनीत गेले होते. तीन नंबरचा ब्लोअर व्यवस्थित चालू होता. मामांनी चहा दिला आणि विचारलं, "काय मॅडम, आता बोलता येतं का?" मी म्हटलं, "शिकतेय मामा."

तुम्हीही शिका. उद्या तुमच्या वहीतही असा एखादा आकडा असेल जो दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. तो अठराव्या स्लाइडपर्यंत ठेवू नका. आणि आमच्या गच्चीवरच्या वीस मिनिटांत यायचं असेल तर रात्री नऊ वाजता या. बॉइज हॉस्टेलने आपली गच्ची वापरावी!